लेकीच्या घरी, केरिचोला

आमच्या दोघांचाही वाढदिवस १ जूनला येतो. पत्रिका जुळवून लग्न केलं असं नाही, आम्ही ख्रिस्ती, आमच्या लोकांत पत्रिका नसतेच. शाळेत नाव घालायला आणलेल्या लेकराची जन्मतारीख घरच्यांना ठाऊक नसली की त्या काळी गुरुजी सरळ १ जून लिहून मोकळे व्हायचे. पासपोर्टच्या खिडकीतल्या मुलीनं आमचे दोन्ही अर्ज शेजारी शेजारी ठेवले, वर बघितलं आणि विचारलं, "काकू, दोघांचाही?" म्हटलं, "हो बाई, आणि मागं रांगेत उभे आहेत त्या काकांनाही विचारून घे." त्या काकांचाही १ जूनच निघाला.

तर आम्ही दोन १ जूनवाले, मी ६४ वर्षांची निवृत्त नर्स आणि हे ६७ वर्षांचे एसटीचे निवृत्त चालक, २०२४ च्या नाताळाला केनियात लेकीकडे जाऊन आलो. जालन्यात परतल्यापासून जो भेटेल तो तेच विचारतो. कसं जमवलं, विमानात भीती वाटली का, तिकडं खायला काय. सांगून सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाचं लिहून काढलं.

लेक आणि जावई तिथं मिशनरी आहेत. मिशनरी म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं उंच, गोरा, हॅटवाला साहेब उभा राहतो. आमची लेक माझ्यासारखीच सावळी, पाच फूट एक इंच, जालन्याच्या मराठी शाळेत शिकलेली. केरिचोजवळच्या एका लहानशा दवाखान्यात ती नर्स आहे. जावई बायबल शाळेत शिकवतात आणि उरलेल्या वेळात गावचा पाण्याचा पंप दुरुस्त करतात. खरं तर हे उलट्या क्रमानं सांगायला हवं. "म्हणजे तिकडं लोकांना बाटवतात का?" असं एकानं तोंडावर विचारलं. अहो, ते लोक तीन-तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. तिथला पास्टरच आमच्या जावयाला सांगतो, प्रार्थना आटोपती घ्या, लोकांना शेतावर जायचंय.

जालन्याला हे नवीन नाही, फक्त दिशा उलटी. नारायण शेषाद्री नावाच्या ब्राह्मण तरुणानं १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढं आमच्या जालन्याजवळ बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं. जमीन निजामाचे दिवाण सालारजंग यांनी दिली. १८७३ मध्ये हा माणूस न्यूयॉर्कच्या एका परिषदेला जाऊन आला. माझे पणजोबा बेथेलचे. त्यानंतर दीडशे वर्षं झाली, पण आमच्या घरातलं कुणी हैदराबादच्या पुढं गेलेलं मला माहीत नाही. साहेब लोकच तिकडून इकडं यायचे. माझी आई मिशनच्या दवाखान्यात आया होती. तिथल्या स्कॉटिश मिस साहेबांना निळ्या कागदाची पत्रं यायची. त्यावरचं राणीचं तिकीट मला मिळायचं. पत्र कोण लिहितं, हे मी कधी विचारलं नाही. आठ वर्षांच्या पोरीला तिकिटाशी मतलब.

लोक म्हणतात, ते सुट्टीवर येतात ना दर तीन वर्षांनी, मग तुम्ही कशाला जायचं? मिशनरी माणसाची सुट्टी कशी असते ते सांगते. त्यांना पगार नसतो. इथल्या चर्चच्या मंडळ्या आणि चाळीसेक घरं दर महिन्याला कुणी १०० रुपये, कुणी ५०० असं देतात, त्यावर त्यांचं चालतं. म्हणून सुट्टीवर आले की त्या सगळ्यांना तोंड दाखवावं लागतं, कामाचा अहवाल द्यावा लागतो. बीड, अंबाजोगाई, लातूर, नांदेड, परभणी. आज या चर्चमध्ये, उद्या त्या. मागच्या वेळी दोन महिन्यांतले बारा दिवस आमच्या वाट्याला आले, मी मोजले. नातू तेव्हा दोन वर्षांचा. त्या बारांतले पहिले आठ दिवस तो मला बघून रडायचा. नवव्या दिवशी मांडीवर बसला, तेराव्या दिवशी गाडीत. तेव्हाच ठरवलं, आता आपण जायचं.

ठरवायला काय लागतं! पासपोर्टला सात महिने गेले, आणि चूक आमचीच. माझ्या टीसीवर एक नाव, बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर दुसरं, आधारवर लग्नानंतरचं, आणि त्यातही आडनावाच्या स्पेलिंगात एक ‘ए’ जास्तीचा. नोकरीत कुणी हटकलं नाही, पेन्शन बिनबोभाट मिळते, म्हणून आम्ही निवांत. आधी आधार दुरुस्त केलं, मग पॅन, मग अर्ज. ज्या दुकानात ऑनलाइन अर्ज भरला, त्या पोरानं ह्यांच्या नावात नवीनच चूक करून ठेवली, ती निस्तरायला पुन्हा एक फेरी. तुम्हाला जायचं असेल तर आज उठून एवढंच करा, सगळे कागद पलंगावर पसरा आणि सगळ्यांवर नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे का ते बघा. बाकी काही अवघड नाही. साठीच्या पुढच्यांना नवीन पासपोर्टच्या फीमध्ये दहा टक्के सूटही आहे. चौकशीला आलेला हवालदार चहा पिऊन ह्यांच्याशी जुन्या एसटीबद्दल बोलत बसला. त्याचे वडीलही चालकच होते म्हणे.

केनियाला आता व्हिसा लागत नाही. जानेवारी २०२४ पासून निघण्याआधी ऑनलाइन परवानगी घ्यायची असते. फोटो, पासपोर्ट, परतीचं तिकीट आणि ज्यांच्याकडं उतरणार त्यांचं पत्र. पैसे डॉलरमध्ये. भाच्यानं बसल्या बैठकीला भरलं, आणि उत्तर आलं तेव्हा मी कपडे वाळत घालत होते.

खरी धाकधूक लसीची होती. पीतज्वराची, म्हणजे यलो फिव्हरची, लस केनियासाठी घ्यायची असं सगळे म्हणतात, ते अर्धंच खरं. आपल्या देशात हा रोग नाही, म्हणून आपल्याला ती परत येताना लागते. तिकडून आलेल्या माणसाजवळ ही लस घेतल्याचं पिवळं कार्ड नसलं तर आपलं सरकार त्याला सहा दिवस वेगळं ठेवू शकतं. डास आपल्याकडं भरपूर आहेत, तो विषाणू तेवढा नाही, आणि तो येऊ द्यायचा नाही, एवढा साधा हिशोब. आयुष्यभर मी दुसऱ्यांना लसी टोचल्या, त्यामुळं भीती सुईची नव्हती. ही जिवंत विषाणूची लस. साठीच्या पुढं क्वचित कुणाला जोराचा त्रास होतो, म्हणून डॉक्टर विचार करून देतात. ह्यांच्या हृदयात एक स्टेंट. हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसनं मुंबईला गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी अंड्याचं वावडं आहे का, स्टिरॉइड चालू आहेत का, सगळं विचारलं. एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि कुपी फोडली की सहा तासांत संपवावी लागते, म्हणून माणसं जमवून बसवतात. आमच्या घोळक्यात तेलाच्या जहाजावर निघालेला एक पोरगा होता. तो ह्यांना म्हणाला, "काका, आफ्रिकेत कामाला?" हे म्हणाले, "हो, नातवाला सांभाळायच्या कामाला." ह्यांना एक दिवस अंग मोडून आलं, मला काहीच नाही. कार्ड दहा दिवसांनी लागू होतं आणि मग जन्मभर चालतं. ते पासपोर्टलाच रबर लावून ठेवा.

आता सामान. ह्यात माझा जीव रमला. येसर, काळा मसाला, जवसाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, कुरडया, बाजरीच्या खारोड्या, मुगाचे सांडगे, लिंबाचं लोणचं. सगळं नीट प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून वर चिकटपट्टी मारली, फोटो काढून लेकीला पाठवला. तिचा लगेच फोन. "आई, अगं प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगला इथं बंदी आहे! २०१७ पासून. विमानतळावरच काढून घेतात." म्हटलं, आपल्याकडंपण बंदी आहेच की. ती म्हणाली, "तशी बंदी नाही गं, खरी बंदी."

मग काय, जुन्या सुती साड्या काढल्या, मशीनवर बसले आणि दोन दिवसांत एकवीस पिशव्या शिवल्या. आत बटर पेपर, वर कापड, तोंडाला नाडी. माझ्या बाळंतपणातल्या एका निळ्या साडीत येसर बांधला गेला. लोणच्याला स्टीलचा डबा, त्याच्या झाकणाभोवती कणकेचा लेप देऊन वर फडकं. चार बॅगा, प्रत्येकी २३ किलो. शेजारच्या किराणा दुकानात पोती तोलायच्या काट्यावर त्या चढवून बघितल्या. दुकानदार म्हणाला, "काकू, एक बॅग तेवीस दोनशे भरतीय." दोनशे ग्रॅम खारोड्या त्यालाच दिल्या. एवढं करून लोणच्यानं दगा दिलाच. कणीक प्रवासात वाळून तडकली आणि ह्यांच्या पांढऱ्या सदऱ्याला तेलाचा डाग पडला तो पडलाच.

विमानाचं काय सांगायचं, सहा तास बसून होतो. नैरोबीला उतरलो तर घड्याळ अडीच तास मागं. जावई न्यायला आले होते. तिथून केरिचो अडीचशे किलोमीटरच्या वर. वाटेत जमीन एकदम खचल्यासारखी खाली जाते, ती रिफ्ट व्हॅली. घाटाच्या रस्त्याला एक इवलंसं चर्च आहे. दुसऱ्या महायुद्धात पकडलेल्या इटालियन कैद्यांनी रस्ता बांधता बांधता १९४२ मध्ये उभारलेलं. आत शिरून दोन मिनिटं गुडघे टेकले. ह्यांचं लक्ष सगळं रस्त्याकडं. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात हे बघून ह्यांचा जीव भांड्यात पडला, जसं काही चाक ह्यांच्याच हातात येणार होतं.

केरिचोला पोचलो तेव्हा मुसळधार पाऊस. नोव्हेंबर संपत आलेला! दोन्हीकडं चहाचे मळे, डोळ्यांना सोसणार नाही असं हिरवं. घराच्या दारात सात-आठ बाया छत्र्या घेऊन उभ्या. एकीनं माझे दोन्ही हात धरले आणि "चामगेइ!" म्हणाली. हा तिथल्या किप्सिगिस लोकांचा नमस्कार. मग त्यांची आपसात काही चर्चा झाली आणि लेक हसत म्हणाली, "आई, तुझं बारसं झालं. तू चेरोप." त्यांच्यात लेकराचं नाव ते कोणत्या वेळी, कशा हवेत जन्मलं त्यावरून पडतं. पाऊस पडताना जन्मली ती चेरोप, मुलगा असेल तर किप्रोप. पावसात आले म्हणून मी चेरोप. जालन्याची बाई, जिच्या नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, तिचं नाव पाऊस! ह्यांना हसू आवरेना.

त्या हसण्याचं उट्टं मी दुसऱ्या दिवशी काढलं. स्वाहिलीत ‘मामा’ म्हणजे आई. वाटेनं जाताना जो तो मला "मामा, मामा" म्हणायचा. हे म्हणाले, तुझा चांगला मामा केला लोकांनी. तेवढ्यात नात शेजारच्या मुलीची ओळख करून देताना म्हणाली, "ही माझी दादा." स्वाहिलीत ‘दादा’ म्हणजे बहीण आणि ‘काका’ म्हणजे भाऊ! ‘बाबा’ तेवढा बाबाच. आजीला ‘न्यान्या’, आणि टोमॅटोलाही न्यान्याच. बाकी किती शब्द आपले निघाले. दुकान ते ‘दुका’, गाडी ती ‘गारी’, पैसा तो ‘पेसा’, साबण तो ‘साबुनी’, गुळाला ‘सुकारी गुरू’. काही अरबी-फारसीतून दोन्हीकडं गेलेले, काही आपल्या लोकांनी नेलेले. इंग्रजांनी १८९६ पासून तिथं रेल्वे बांधली ती बत्तीसेक हजार हिंदी मजुरांकडून, त्यातले अडीच हजार तिथंच मेले. चपाती त्यांच्याबरोबर गेली आणि आता तिथं सणासुदीचं पक्वान्न आहे.

नातवंडांचं मराठी हा वेगळाच विषय. स्वाहिलीत तो, ती असा भेदच नाही, एकच शब्द. त्यामुळं पाच वर्षांचा नातू बिनदिक्कत "आजोबा आली, आजी गेला" म्हणायचा. मी टोकलं की लेकीला वाईट वाटायचं. सकाळी घरात मराठी, शाळेत इंग्रजी आणि स्वाहिली, खेळताना किप्सिगिस, एवढंसं डोकं ते! पण मी टोकणं सोडलं नाही. ह्यांनी युक्ती काढली. अंगणात खुर्च्या मांडून एसटी केली, नातू कंडक्टर. "अंबड उतरणारे! आजी उतरली का? आजोबा उतरले का?" तिकिटं फाडता फाडता निम्मं व्याकरण सुधारलं. "घनसावंगी आली" आणि "परतूर आलं" ह्यात मात्र आमचंच भांडण झालं.

ह्यांची खरी पंचाईत झाली ती वेळेची. विषुववृत्त जवळच, बारा महिने सूर्य साधारण साडेसहाला उगवतो आणि साडेसहाला मावळतो. म्हणून स्वाहिलीत घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे ‘एक वाजला’. पहिल्या रविवारी शेजाऱ्यानं सांगितलं, उपासना चारला. ह्यांनी दुपारी चार समजून निवांत आंघोळ काढली. चार म्हणजे सकाळचे दहा! आणि मटाटू, म्हणजे आपली काळीपिवळी, ती वेळेवर नाही, भरली की सुटते. आयुष्यभर सहा वीसची गाडी सहा वीसला काढलेला माणूस त्या मटाटूत दीड तास बसून आला, आणि जेवताना एक शब्द बोलला नाही.

पहिला आठवडा पाहुणचारात गेला. दुसऱ्या आठवड्यात मी आणि लेक भांडलो. त्या घराचं दार कधी बंदच नसतं. सकाळी सहाला कुणी ताप आलेलं लेकरू घेऊन, नऊला बायबल शाळेची पोरं, दुपारी कुणाचं भांडण मिटवायला, रात्री कुणी फक्त चहाला. आलेल्याला चहा दिल्याशिवाय पाठवायचं नाही. दूध घालून उकळलेला चहा, आपल्यासारखाच. मी म्हटलं, "अगं, तुझी स्वतःची लेकरं कधी बघतेस?" ती म्हणाली, "आई, तू ड्युटीवर असताना मला कोण बघायचं?" मी उठून अंगणात गेले.

तिथं जिको होती. जिको म्हणजे कोळशाची शेगडी. राग आला की मी स्वयंपाक करते. बाजारातून ‘म्टामा’चं पीठ आणलेलं होतं, लेक त्याची लेकरांसाठी पेज करायची. पीठ हातात घेतलं, वास घेतला, चिमूटभर जिभेवर ठेवलं. ज्वारी! लालसर, पण ज्वारीच. म्हटलं, तू चार वर्षं ज्वारीची पेज पाजतेस आणि भाकरीसाठी रडतेस? त्या पिठाला चिकटपणा कमी, म्हणून उकळतं पाणी घालून मळलं, परातीत थापली, पाण्याचा हात फिरवून जिकोवरच्या तव्यावर टाकली. पहिली मोडली. दुसरीला चीर गेली. तिसरी टम्म फुगली, विटकरी रंगाची. तोवर कुंपणाशी दहा-बारा माणसं गोळा झाली होती. दोन हातांवर भाकरी थापणं हा प्रकार त्यांनी बघितला नव्हता. चौथी भाकरी लेकीनं मागून येऊन उचलली, त्यावर जवसाची चटणी आणि तेल घेतलं आणि उभ्यानंच खाल्ली. भांडणाचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

शेजारच्या बाईनं त्याची परतफेड मुर्सिकनं केली. भोपळ्याच्या तुंब्यात एका झाडाच्या फांदीचा कोळसा आतून घासतात, त्यात दूध भरून बरेच दिवस मुरवतात. ओततात ते राखाडी-निळसर दिसतं. धावण्याच्या शर्यती जिंकून आलेल्या खेळाडूंना विमानतळावर हेच पाजतात. ह्यांनी एका दमात पेलाभर रिचवलं आणि "ताकाचा थोरला भाऊ" असा दाखला दिला. मला ते झाड बघायचं होतं. तिनं शेताच्या बांधावर नेऊन दाखवलं. पिवळ्याधमक फुलांचे तुरे, खाली चपट्या शेंगा. आमच्या माळावरच्या तरवडाचं भावंड! मी चार फुलं केसांत खोवली. ती हसून हसून दमली.

ह्याच बाईनं मला ती गोष्ट सांगितली, जी लेकीनं सांगितली नव्हती. भाषा येत नव्हती, हातवाऱ्यांनीच. लेकीकडं बोट केलं, कपाळाला हात लावून चटका बसल्यासारखा मागं घेतला, दोन्ही हातांची बोटं एकदा उघडली, मग आठ. अठरा. मग बादली उचलल्याचं आणि कुणाचे तरी केस धुतल्याचं दाखवलं, आणि मूठभर केस हातात आल्यासारखी मूठ उघडून धरली. नर्सला एवढं पुरतं. रात्री लेकीला विचारलं, विषमज्वर कधी झाला होता? ती गप्प. मग म्हणाली, गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये. ते महिन्याचं प्रार्थनापत्र मी फोनमध्ये शोधून काढलं. सगळ्यांना जातं तसं मलाही आलेलं. पंप चालू झाला, बायबल शाळेला सहा नवे विद्यार्थी, आणि खाली एक ओळ: ‘मध्यंतरी थोडा ताप होता, आता बरी आहे.’ मी त्याला हात जोडल्याचं चित्र पाठवलं होतं.

मला फार बोलता आलं नाही. कारण त्याच ऑगस्टमध्ये ह्यांच्या हृदयात स्टेंट बसला, आणि आम्ही तिला सांगितलं होतं की तपासणीला संभाजीनगरला आलोय, म्हणून नेट नीट चालत नाही. व्हिडिओ कॉलला मी मुद्दाम भिंतीकडं पाठ करून बसायचे, मागं सलाइनचा स्टँड दिसू नये म्हणून. ह्यांनी शर्टाची बटणं सोडून लेकीला काय ते सगळं सांगितलं. स्टेंट मनगटातून घातलेला, छातीवर दाखवायला काहीच नव्हतं. पण बटणं सोडली. ती आधी चिडली आणि मग आम्ही तिघं अकरापर्यंत एकमेकांना दिलेल्या थापा मोजत बसलो. जावई चहा करून आणत राहिले. तिच्या तीन निघाल्या, आमच्या पाच.

दुपारी पाऊस सुरू व्हायच्या आधी मी व्हरांड्यात विणायला बसायचे. पायरीवर गावची पोरं येऊन बसायची आणि नुसती माझ्याकडं बघत राहायची. एक पोरगी रोज यायची, माझ्या बांगड्यांवर नजर. तेव्हा मला मिस साहेबांच्या आईची आठवण झाली. एका हिवाळ्यात त्या स्कॉटलंडहून बोटीनं मुंबईला आणि रेल्वेनं जालन्याला आल्या होत्या. बंगल्याच्या व्हरांड्यात लोकर घेऊन बसायच्या, आणि आम्ही मिशन कंपाउंडमधली पोरं त्यांना बघत उभी. माणूस इतका गोरा आणि इतका सुरकुतलेला कसा, हेच आमचं कुतूहल. जाताना त्या व्हरांड्यातच बसून राहिल्या होत्या, टांगा आला तरी उठेनात. आईनं आम्हाला हाकललं होतं. आता कळतं, ती निळी पत्रं त्याच लिहीत असणार. आणि मिस साहेब त्यांना काय लिहायच्या? ‘थोडा ताप होता, आता बरी आहे.’ त्या पोरीला मी दोन बांगड्या काढून दिल्या.

नाताळाला करंज्या केल्या. सुकं खोबरं मिळेना, म्हणून शेंगदाण्याचा कूट आणि सुकारी गुरू. तीनशे करंज्या दीड दिवसात संपल्या. त्यांनी बकरा भाजला. ह्यांनी मराठी भजन म्हटलं, झांजा नव्हत्या तर दोन ताटांवर ठेका धरला. बाकी नाताळ नाताळासारखा.

पाण्याचं सांगायचं राहिलं. त्या घराला पावसाच्या पाण्याची मोठी टाकी, शिवाय झरा जवळ, पाण्याला तोटा नाही. पण हाताची सवय जाईना. रात्री झोपायच्या आधी मी सगळ्या बादल्या, पातेली, घमेलं, अगदी तांब्या-भांडंसुद्धा भरून झाकून ठेवायचे. लेक वैतागायची. "आई, बाहेर पाऊस पडतोय." म्हटलं, "पडू दे. सकाळी गेला तर?" नात माझ्याबरोबर फिरायची, कोणत्या भांड्याला कोणतं झाकण ते तिला पाठ झालं. एकदा मध्येच जालन्याहून शेजारणीचा व्हिडिओ कॉल आला, "वहिनी, नळ आलाय, तुमचे ड्रम भरून घेऊ का?" आम्ही पाच हजार किलोमीटरवरून ‘हो’ म्हणालो. नात म्हणाली, "आजी, तुमच्याकडं नळ गावाला जातो का?"

जानेवारीत त्यांच्या शाळा सुरू होतात, त्याआधी निघालो. विमानतळावर नातू रडला नाही, मीच रडले. तो म्हणाला, "आजी, परतूर उतरणारे चला!" बरोबर म्हणाला.

मुंबईला उतरल्यावर आरोग्याच्या टेबलाशी पिवळी कार्डं मागितली. आमच्या पुढच्या माणसानं कार्ड सामानाच्या बॅगेत टाकलेलं, त्याला बाजूला बसवलं. आमचं रबर लावलेलं. साहेबांनी दोन्ही कार्डं बघितली, पासपोर्ट बघितले, आणि म्हणाले, "दोघांचाही १ जून?"

घरी येऊन आठ दिवस झाले असतील, लेकीचा मेसेज आला. बोलून पाठवलेला, आवाज चिडका. "आई, ही तुझी नात रोज रात्री घरातली सगळी भांडी भरून ठेवते. कालपासून माझा चहाचा कपसुद्धा. झाकणं पुरत नाहीत म्हणून वह्या झाकते. गणिताची वही भिजली. काय करून गेलीस तू?"